पहाटेचं तळं आणि चष्म्याचा नंबर

ईडन प्रेरी,
जानेवारी २००६

प्रिय भूषण,

सप्रेम जय भीम. ताईला एकदम पत्र लिहायची हुक्की कुठून आली म्हणून हसू नकोस. ईमेल तू ऑफिसात अर्धवट वाचतोस आणि 'ओके ताई' लिहून मोकळा होतोस. हे एकट्याने बसून वाच.

आधी बातमी, कारण ती माझ्या पोटात राहत नाहीये. माझे डोळे ठीक आहेत. पप्पांचा रातांधळेपणा, बापाकडून मुलांत उतरू शकणारा डोळ्याच्या पडद्याचा तो रोग, मला नाही. एवढं लिहून मी चहा करून आले आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मी कशातून जात होते ते कोणालाच माहीत नव्हतं, अगदी नवऱ्याला, अनिललासुद्धा नाही. इथे हिवाळ्यात ऑफिसातून निघेपर्यंत काळोख होतो. पार्किंगमध्ये मी भलत्याच गाडीला किल्ली लावत बसले. गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्याला अडखळून गुडघा फोडून घेतला. अनिल म्हणाला, अगं बघून चालत जा. तो सहज बोलला रे, पण मला पप्पाच आठवले. पप्पांना असं म्हणणाऱ्यांवर आपण दोघं किती चिडायचो! उजेड आहे तोवर घर गाठायला ते विहारातून वंदना संपायच्या आत उठायचे, आणि अख्खा मोहल्ला म्हणायचा, धर्मराज सरांना फार शिष्टपणा आलाय. पप्पांनी मोहल्ल्यात कधी खुलासा केला नाही, आणि आपल्यालाही तीच सवय लागली.

संध्याकाळी ड्राइव्ह करायला नको म्हणून मी काय काय थापा मारल्या, विचारू नकोस. शेवटी नाताळच्या सुट्टीत एकटीच जाऊन टेस्ट करून घेतली. काळोख्या खोलीत बसवून ठेवतात, मग डोळ्यांवर बारीक तारा लावून दिवा चमकवतात. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, पडदा अगदी स्वच्छ आहे, आजार असता तर या वयात दिसलाच असता, तुमच्या चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय. नंबर, भूषण! मी वेड्यासारखी हसत सुटले, बाई घाबरल्याच. घरी येऊन अनिलला सगळं सांगितलं तर तो रडला, आणि मग चिडला. टेस्ट केली म्हणून नाही, एकटी गेले म्हणून.

इथे दीपा म्हणून पुण्याची एक मैत्रीण आहे, फोटोग्राफीचं खूळ आहे तिला. पहाटे तळ्यावर बर्फाचे फोटो काढायला चल म्हणून केव्हाची मागे लागली होती आणि मी दर वेळी कॅन्सल करायचे. नवा चष्मा आला त्याच आठवड्यात मीच तिला फोन केला. अबे, काय थंडी! कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी स्वेटरच्या आत उबेला ठेवायची, नाहीतर ती मान टाकते. श्वास सोडला की भिंगावर वाफ धरते. दीपा सारखी ओरडत होती की एक्स्पोजर वाढव यार, कॅमेऱ्याला बर्फ पांढरा आहे हे कळत नाही, तो राखाडी करून ठेवतो. पण मी बटणाला हातच लावला नव्हता. मी नुसती बघत उभी होते. सूर्य उगवायचा होता आणि मला दिसत होतं! गोठलेल्या तळ्यावर मासे पकडणाऱ्यांची खोपटी, बर्फातून वर आलेलं वाळकं गवत, सशाची पावलं. सगळं निळसर होतं आणि एकेक वेगळं ओळखू येत होतं. मी ढसाढसा रडले. पापण्यांवर पाणी गोठलं. दीपाला वाटलं, मला थंडी सोसवत नाही. नंतर फोटोही काढले, त्यातला एक सोबत पाठवलाय, आईला दाखव.

आता मूळ मुद्दा. परवा पद्मिनीचा फोन आला होता. तू साखरपुडा पुढे ढकललास आणि कारण सांगत नाहीस. तिला वाटतंय तुझ्या मनात दुसरी कोणी आहे. आई म्हणते, दिवाळीपासून तू रात्री गाडी काढत नाहीस. मला आणखी काही सांगायची गरजच नाही, बाळा. आईला माझ्या टेस्टचं सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली ऐक. पप्पा तिला बघायला आले तेव्हा पोह्यांची प्लेट खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, मला संध्याकाळनंतर दिसत नाही, पुढे दिवसाही दिसणार नाही, हे ऐकून मुलीने काय ते ठरवावं. आईचे मामा तर उठूनच उभे राहिले. आई म्हणते, ज्याने मला ठरवू दिलं त्याला नाही कशाला म्हणू? टेस्ट तू करच, निकाल माझ्यासारखाच येईल असं मी म्हणत नाही. पण पद्मिनीला आधी सांग, रिपोर्ट यायच्या आधी. नंतर सांगायला बसलास आणि तो वाईट आला, तर तिच्या भल्यासाठी म्हणून तिला परस्पर सोडून देशील, ओळखते मी तुला. आजच सांग. अंधार पडला असेल तर तिलाच म्हणावं, मला न्यायला ये.

तुझीच,
मैत्रीताई