लिकेज ठेवलेली काच

बारामती,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय अण्णा,
सप्रेम जय भीम.

मी इकडे मजेत आहे. आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल, दुसरी बाटली या आठवड्यात पाठवते. तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललाच तर "आईकडं देतो" एवढंच म्हणता, म्हणून पत्र लिहिते आहे. कागद मात्र तुम्ही कधी टाकत नाही. भेळीचा पुडा असला तरी दोन्ही बाजूंनी वाचून काढता. आईनं सांगितलं, तुमच्या हत्यारांच्या पेटीला दहा आठवडे कुलूप आहे. ते निघावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी बातमी, कारण मला दम निघत नाही. जमलं, अण्णा! परवा रविवारी बारामती ते इंदापूर, स्कूटरला तुमची काच लावून गेले. सत्तरचा वेग, समोरून भणाणता वारा आणि डोकं जागच्या जागी. हेल्मेटची थडथड नाही, मानेला चमक नाही. इंदापुरात उतरले आणि रस्त्याच्या कडेला एकटीच मोठ्यानं हसले. रसवंतीवाल्या बाईनं विचारलं, "काय ताई, लॉटरी लागली व्हय?" म्हटलं, "व्हय!" आणि दोन ग्लास रस प्याले.

आता पहिल्यापासून सांगते. चष्मा लावा आणि मधेच उठू नका.

गेल्या वर्षी माझी पशुधन खात्यात नेमणूक झाली, लशीचा डबा बांधून रोज ऐंशी-नव्वद किलोमीटरची फिरती सुरू झाली, तेव्हा तुम्ही स्वतःहून म्हणालात, "वारा छातीवर घिऊ नगंस, काच करतो." लाकडाचा साचा केलात, त्यावर अ‍ॅक्रिलिकची शीट तापवून वाकवलीत. कडा अशा घासल्यात की अंगठा फिरवला तर कुठे अडत नव्हता. वालचंदनगरला चौतीस वर्षं फिटर होतात, सांध्यातून थेंब सुटू द्यायचा नाही हे हाडात मुरलेलं. म्हणून काच आणि हेडलाइटच्या मधल्या फटीतही रबराचं गॅस्केट बसवलंत. वर नळी धरून पाणी मारून दाखवलंत. "बघ, लिकेज शून्य!" सगळी आळी बघायला आली होती.

पहिल्याच दिवशी पन्नासच्या पुढे गेले आणि कुणी दोन्ही बाजूंनी थपडा माराव्यात तसं हेल्मेट हलायला लागलं. काच नव्हती तेव्हा वारा छातीवर यायचा, पण सरळ यायचा. आता तो काचेवरून उडी मारून डोक्यावर आदळत होता. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं, गावाच्या पाट्या दोन-दोन दिसायच्या. मी घरी यायचे, तुम्ही फडकं घेऊन काच पुसत विचारायचा, "कशी हाय?" आणि मी म्हणायचे, "एक नंबर!"

त्यापुढे जे केलं ते तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐकलेलं नाही. सकाळी अंथुर्ण्याच्या फाट्यावर काच काढायची, चहाच्या टपरीत ठेवायची, संध्याकाळी परत लावून घरी यायचं. सासुरवाशिणी वेशीवर पदर सावरतात, मी फाट्यावर काच सावरत होते. दहा महिने! पान्हासुद्धा टपरीतच असायचा.

आणि डिसेंबरात तुम्ही नेमके त्या वेळी चहाला आलात. मी गुडघ्यावर बसून बोल्ट लावत होते. तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त हात पुढे केलात. "पान्हा हितं दे. आडवा लावलास तर आटे जात्यात." चारही बोल्ट आवळलेत आणि चहा न पिता घरी गेलात. घरी काय झालं ते पुढे लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरून बारामतीला निघाले. काच तुम्ही आवळलेली, ती काढायची माझी हिंमत नव्हती. पण गॅस्केट राहून गेलं होतं. तुम्ही बोल्ट आवळलेत तेव्हा ते माझ्या पिशवीतच होतं. मी रडत गाडी चालवत होते. भवानीनगरच्या पुढे ध्यानात आलं की मला माझं रडणं ऐकू येतंय. इतके महिने हेल्मेटच्या आत वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. रडायची थांबले, वेग वाढवला. थपडा होत्या, पण निम्म्या!

मग मी हट्टालाच पेटले. माझ्या खोलीतली स्वरूपा, दूध संघात नोकरीला आहे ती, तिला दर रविवारी स्कूटरवर मागे घ्यायची. आम्ही काचेला आणि हेल्मेटला लोकरीचे तुकडे चिकटवले, कारण वारा दिसत नाही, लोकर दिसते. ती मागून बघायची आणि थांबलो की सांगायची, "मेघे, तुझ्या टकुऱ्यावरची लोकर येड्यावानी नाचतीय गं." सगळी मेख त्या बंद फटीत होती. खालून हवा आत येत नाही, म्हणून काचेच्या मागे पोकळी होते, आणि वरून जाणारा वारा त्या पोकळीत कोसळतो. खाली थोडी फट ठेवली की पोकळी भरते. उरलेल्या थपडांसाठी काचेच्या वरच्या कडेला चिमट्याची एक छोटी पट्टी लावली. बाजारात मिळते, मागेपुढे कलते. पट्टी आणि काच यांच्यातही फट ठेवायची. सहा रविवार आम्ही ती पट्टी बोटाबोटानं सरकवत होतो. सातव्या रविवारी स्वरूपा रस्त्यातच ओरडली, "झोपली गं! समदी लोकर आडवी झोपली!" दोघी उतरून नाचलो. उसाचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत गेला.

अण्णा, तुमची काच मी कुठेही कापलेली नाही. बाक तोच, उंची तीच. बाजारातल्या दोन काचा मित्रांकडून आणून लावून बघितल्या, एकीच्याही मागे लोकर अशी सरळ राहिली नाही. तुमच्या कामात दोष नव्हता. लिकेज हवं होतं, एवढंच, आणि ते तुम्हाला कोण सांगणार? तुम्हाला जन्मभर उलटं शिकवलेलं, आणि जिला रोज कळत होतं ती "एक नंबर" म्हणत होती. पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं तर तुम्ही आठवड्यात हे सोडवलं असतं.

आता ते राहिलेलं. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आईला म्हणाले, "अण्णांच्या हाताला आता जमत नाही, पण त्यांना सांगायचं कुणी?" तुम्ही मोरीवर पाय धूत होतात. नळ बंद झाल्याचा आवाज मी ऐकला होता. तरी वाक्य पुरं केलं. नंतर आईनं फोनवर सांगितलं की शेजारचे पंप दुरुस्तीला घेऊन आले तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "आता हाताला जमत न्हाय." माझेच शब्द. तेव्हापासून ते मला टोचतात. मी चुकले, अण्णा. लाज वाटून खोटं बोलले आणि पकडली गेले म्हणून तुमच्यावर उलटले. हात जोडून माफी मागते.

रविवारी जाताना आपल्या फाट्यावरून गेले, थांबले नाही. तोंडानं हे सगळं सांगता आलं नसतं.

सोबत ड्रॉइंग जोडलं आहे. माझ्या खात्यातल्या चौघांना अशीच काच हवी आहे. एक वर्कशॉपवाला करून देतो म्हणाला. मी सांगितलं, कारागीर अंथुर्ण्याला आहे, त्याला विचारल्याशिवाय नाही. खाली तुमच्या कारखान्यातल्या ड्रॉइंगसारख्या तीन चौकटी आखल्या आहेत. 'रचना'त तुमचं नाव, 'चाचणी'त माझं आणि स्वरूपाचं. 'मंजूर' कोरी ठेवली आहे. सही करवत नसेल तर लाल पेन्सिलीनं चुका दाखवून परत पाठवा. तेवढंही मला पुरेल.

रोज तुमच्या हातच्या काचेआडून जग बघणारी,
तुमची मेघना

*

अंथुर्णे,
ता. २४/२/२५

चि. मेघना हिस आशीर्वाद व जय भीम.

ड्रॉइंग मिळालं. चुका खालीलप्रमाणं.

बोल्ट सहा एमेमचा दावलास आनि भोकबी सहाचंच. काच तडकंल. भोक साडेसहाचं पायजे. खालची फट पंचवीस लिवलीस, ती मोजून का अंदाजानं? अंदाज आसंल तर तसं लिव्हावं. पट्टीचा चिमटा काचंला घासतोय, मधी रबर घाल. रबर तितं लागतं, खाली न्हाय, हे मला आता कळलं. वाऱ्याचं काम आनि म्या पानी मारून टेस्ट केली. तितं लाल पेन्सिल म्या माझ्याच नावावर मारली हाय.

त्या रविवारी तू फाट्यावरनं गेलीस तवा म्या टपरीवर हुतो. गाडीचा आवाज वळखला. तुझी मान बघितली. हालत न्हवती. घरी यीऊन तुझ्या आईला सांगितलं, पोरीनं कायतरी केलंय.

तू जे बोललीस त्याचा राग आला न्हाय. भ्या वाटलं, का खरंच आसंल. आता चार काचा करून बघतो, मग ठरवू खरं का खोटं.

सही केली न्हाय. माल हातात घेतल्याबिगार फिटर सही करत न्हाय. येत्या रविवारी गाडी घिऊन ये, सकाळी ये, उजेड लागतो. पेटी उघडलीय. कानशी गंजल्यात, घासाय बसलोय.

भानुदास,
फिटर