बत्तीस रेडिओ, आतल्या सामानासकट

आज सकाळी नळाला पाणी आले तेव्हा साडेसहा वाजले होते. मी दोन्ही पिंपे भरली, डोशाचे पीठ बाहेर काढून ठेवले आणि रेडिओंची धूळ पुसायला घेतली. बत्तीस रेडिओंना पाऊण तास लागतो. अठ्ठाविसाव्यापाशी होते तेव्हा माझा मुलगा हर्षवर्धन रेडिओंसाठी एका गिऱ्हाइकाला, शिवराजला, घेऊन आला. हा शिवराज हॉटेले सजवतो.

"आंटी, अंदर का सामान मेरे को नक्को," तो म्हणाला. "डब्बा अच्छा होना बस. ब्लूटूथ डाल देते."

तरी एक वाजवून दाखवा म्हणाला. हर्षवर्धनने सर्वांत जुना उचलला, दोन वर्षे बंद असलेला.

"हर्ष, आधी मधे बल्ब जोड."

"बल्ब कायकू, आई? लाइट आहे की घरात!"

बंद पडून राहिलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला थेट वीज देत नाहीत. वायरीत साठ वॅटचा बल्ब जोडतात. आत बिघाड असेल तर बल्ब लखलखतो आणि रेडिओ वाचतो. हे कळायला इंजिनिअर असावे लागत नाही. हर्षवर्धन इंजिनिअर आहे. त्याने प्लग थेट लावला. धूर निघाला. दोघे पुरुष बघत राहिले. प्लग उपटला तो माझ्या सुनेने, रेणूने.

म्हणून मी, पद्मावती, कै. नामदेवराव यांची पत्नी, वय ७१, राहणार विद्यानगर, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. तेवढी हिंमत या घरात कोणात नाही.

१. राहते घर हर्षवर्धनला. त्याला भिंती कळतात.

२. बँकेतील ठेव नात प्रिया हिच्या शिक्षणासाठी. त्यातून तिला मराठीची शिकवणी लावावी. तिच्या बापालाही मराठी धड वाचता येत नाही, त्यामुळे हा कागद त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचावे.

३. दीर हिम्मतराव यांना नामदेवरावांचा लोकरी कोट. तेराव्याच्या जेवणात ते म्हणाले होते, "वहिनींना रेडिओतले काय कळणार? पुसायचे तेवढे कळते." कोट त्यांना घट्ट होईल. तरी घालावा.

४. रेडिओ. तारनाक्याला दर महिन्याला जुन्या रेडिओंची शौकीन मंडळी जमतात. नामदेवराव तिथे रेडिओ लावून दाखवीत आणि वाहवा घेत. शेवटची नऊ वर्षे त्यांचा हात कापत होता. ते खुर्चीत बसून सांगत आणि सोल्डरिंग मी करीत असे. माझी शाळा चौथीपर्यंत. सर्किटची इंग्रजी पुस्तके मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. चार लोकांत त्यांनी माझे नाव एकदाही घेतले नाही. परतताना रिक्षात हळूच म्हणत, "पद्मा, आज छान वाजला." तेवढे मला पुरत असे. दोन वर्षे झाली, रिक्षात मी एकटी असते, आणि आता त्यांचे मागचे शब्दही पुरत नाहीत.

सर्व रेडिओ, व्हॉल्व्हचे खोके, मीटर आणि हत्यारे रेणूला. तिला अजून यातले काही येत नाही, पण धूर दिसल्यावर काय करायचे ते येते. सांभाळणे जमले नाही तर जो वाजवील त्यालाच तिने द्यावेत. रिकामा डबा म्हणून एकही विकू नये.

५. जळालेला रेडिओ मात्र हर्षवर्धनला. दुरुस्त न करता बैठकीत ठेवावा आणि येणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगावे.

सही: पद्मावती
साक्षीदार: एकनाथराव (निवृत्त शिक्षक, शेजारी) आणि मालती (समोरच्या घरातल्या)
स्थळ: विद्यानगर, हैदराबाद. दि. १४ फेब्रुवारी २०२५

पुरवणी, दि. १५ फेब्रुवारी २०२५. सही माझीच, साक्षीदार तेच.

कलम ५ मागे घेते. हाही रेडिओ रेणूला. आज मी त्याचा जळालेला ट्रान्सफॉर्मर सोडवला, रेणूला बरोबर घेऊन बसने मलकपेठेला गेले आणि तिथल्या उमाजींकडे नवी तार गुंडाळायला दिला. "बसवणारे मिस्त्री कोण?" त्यांनी विचारले. मी पावतीवर माझे नाव लिहून घेतले.