आभार कशाला मानलास?

कोल्हापूर, गुरुवार

प्रिय दस्तगीर,

तू गेलास त्याला पाच महिने झाले. इतके दिवस लिहायचं टाळलं, कारण लिहायला बसलो की तुझा तो एकच प्रश्न आडवा यायचा. पण काल तालमीत त्याच पक्षाचं पत्र पुन्हा आलंय. निवडणूक आहे, सभेला आपलं पटांगण हवंय. रविवारी बैठक, आणि अजूनही सेक्रेटरी मीच. तुझ्याशी बोलल्यावाचून मला तिथं जाता येणार नाही.

तुला आठवतं, चौथीत गुरुजी कविता चालीवर म्हणून घ्यायचे? मी टेबलाजवळ उभा, डोळे मिटून, अगदी रंगात. आणि तिसऱ्या कडव्याला हमखास अडायचो. मग मागच्या बाकावरून तू पहिला शब्द हळूच सरकवायचास. शाबासकी मला मिळायची. पुढं सगळी पेठ मला कविराज म्हणायला लागली. तू मात्र म्हणायचास, "अर्धा कवी. उरलेला अर्धा मी हाय की."

तालीमही आपली तशीच. भाद्रपदात एका कोनाड्यात गणपती, मोहरमात दुसऱ्यात पिराचा पंजा. एका वर्षी दोन्ही एकदम आले, तेव्हा आरतीचं तबक तू धरलंस आणि माझ्या आईनं पंजापुढं गोड चोंग्यांचा नैवेद्य ठेवला. आपण काही मोठं करतोय असं कुणाला वाटलंच नाही. गोड आधी कुणी वाटायचं, यावरून मात्र भांडणं.

मग मागच्या निवडणुकीला या पक्षाचं पहिलं पत्र आलं. देश एकाच धर्माच्या लोकांचा, बाकीच्यांनी पायरीनं राहावं, असं उघड सांगणारा पक्ष. आपला रिवाज, पटांगण मागेल त्याला द्यायचं. डावे आले, उजवे आले, एका अपक्षाला ऐकायला तर आपण अकराच जण होतो. मी बैठकीत म्हणालो, "लोकशाही आहे. आवडेल तेवढंच ऐकायचं असेल तर घरी रेडिओ लावावा."

तू म्हणालास, "कविराज, कुस्तीच्या हौद्यात कुणीबी उतरू दे. आपण कवा कुणाला जात इचारली न्हाय. पण ह्यो उतरायच्या आधीच म्हणतोय, जिंकलो की हौदा बुजवणार. त्येच्यासंगं कसली कुस्ती लावतोस?"

सगळे हसले. मीही हसलो. मतं समान पडली आणि नियमाप्रमाणं कौल मी दिला.

सभा झाली. वक्ता गोड गळ्याचा. 'या लोकांच्या' दुकानात पाऊल टाकू नका, म्हणाला, तेव्हा तू तिसऱ्या रांगेत होतास, टोपी मांडीवर. तुझं शिलाईचं दुकान व्यासपीठावरून दिसत होतं. टाळ्या पडल्या. मग माझी पाळी आली, कारण सभेनंतर सेक्रेटरीनं आभार मानायचे, हाही रिवाजच. मी नारळ दिला, शाल घातली आणि सवयीनं बोलून गेलो, "पाहुण्यांनी अमोल विचार दिले. तालीम त्यांची ऋणी आहे." वर कवितेची एक ओळ जोडली. कुठली, ते लिहायचीही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मशीनवरची मान वर न करता तू विचारलंस, "जागा दिलीस, ऱ्हाऊ दे. पण आभार कशाला मानलास?"

"रिवाज आहे रे."

"व्हय," म्हणालास आणि पायडल मारलंस.

तुला कुणी हाकललं नाही. हाकललं असतं तर मी भांडलो असतो, अशी माझी समजूत. फक्त पुढच्या मोहरमात तुझ्या कोनाड्यात गाद्या रचलेल्या होत्या. आणि दारात एक नवा सभासद तुला म्हणाला, "पावणं, कुणाकडं आलायसा?" साठ वर्षं हौद्याच्या मातीत तू हळद, ताक, तेल कालवलंस, आणि तू पावणं? पंजा तू कापडात गुंडाळून घरी नेलास. "घरात जागा कमी हाय, पण हाय," म्हणालास. का नाही रागावलास रे? एक शिवी तरी हासडायची होतीस. तुझ्या त्या शहाणपणानं मी सुटलो, आणि आता तेच जाळतंय.

त्यांनी बोलूच नये, असं मी अजूनही म्हणणार नाही. तोंड दाबून विचार मरत नाही, हे तूही मानायचास. महापालिकेचं मैदान आहे, कायद्यात राहून बोलावं. पण सहन करणं वेगळं आणि शाल घालणं वेगळं, एवढं कळायला मला तुझा जनाजा बघावा लागला. आणि सहन तरी कोण करत होतं? मी व्यासपीठावर होतो. सहन तू केलंस, उदार मी ठरलो. चौथीतल्यासारखंच.

रविवारी मी नाही म्हणणार आहे. कदाचित हरेन. मग सभा होईल, आणि शेवटी आभाराला मलाच उठवतील. उठेन. शाल हातात घेणार नाही. माईकवर तुझं नाव घेईन आणि हा हौदा कुणी राखला ते सांगेन. कोनाड्यातल्या गाद्या तर उद्याच माझ्या हातानं उचलतो, त्याला ठराव लागत नाही. पंजा परत आणायचा का, ते तुझ्या घरचे ठरवतील. जागा मोकळी असेल, एवढा शब्द देतो.

बोलताना मी अडखळेन, दस्तगीर. मागून शब्द येणार नाही, ठाऊक आहे. तरी क्षणभर थांबेन.

तुझा अर्धा कवी,
वसंता