सेकंदाला बावीस लाल कण

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या गुडघ्यासह तुला नमस्कार. गुडघ्याचं खरं खरं लिही. मागच्या पत्रात ‘ठीक’ म्हणून तू पुढची दोन पानं जिन्याला शिव्या घातल्या होत्यास. मी मजेत आहे आणि वेळेवर जेवते (बहुतेकदा).

तू विचारतेस, मी प्रयोगशाळेत दिवसभर करते तरी काय. प्रकाशाचा एकच कण, म्हणजे फोटॉन, घ्यायचा आणि त्याने आणलेल्या निरोपाला धक्का न लावता त्याची वारंवारता, साध्या भाषेत रंग, बदलायचा. काचेच्या तारेतून लांबून येणारा कण डोळ्यांना दिसत नाही, आणि निरोप साठवणाऱ्या आमच्या यंत्राला तर लालच लागतो. म्हणून त्याला लेसरच्या सोबतीने काडीएवढ्या स्फटिकातून धाडायचं. (दोन वर्षांत एकही पठ्ठ्या लाल होऊन बाहेर आला नव्हता.)

सोमवारी सकाळी मोजणीयंत्र एकदम धावायला लागलं. सेकंदाला नऊशे लाल कण. सरांनी (ते आनंदाने रडतात, तेही चष्मा न काढता) संचालकांना फोन लावला, केक मागवला. मी आपली खात्रीसाठी कणांची वाट बंद केली. आकडा नऊशेच. म्हणजे कण न येताच लाल होत होते. शोधता शोधता सापडला तो स्फटिक गरम ठेवणाऱ्या डब्यावरचा चिमुकला लाल दिवा. त्याच्यावरची काळी पट्टी शुक्रवारी मीच सोलली होती आणि परत लावायला विसरले होते.

आत्या, गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, निदान केक संपेपर्यंत. पण गेले आणि सांगितलं. सरांनी तोंडातला घास गिळला, बशी खाली ठेवली.

“दिवा झाकल्यावर किती?”

“शून्य, सर.”

“बरं. केक संपवू आणि कामाला लागू.”

मग स्फटिकाचं तापमान केसाएवढं वर, केसाएवढं खाली, असे चार दिवस. गुरुवारी दुपारी आकडा आला बावीस. वाट बंद केली, शून्य. उघडली, बावीस. निरोपही शाबूत. सरांनी मला बाजूला सारून तीच उघडझाप नऊ वेळा केली आणि चष्मा भिजवला. नऊशेपेक्षा या बावीसांचं मला जास्त कौतुक आहे.

तुझी लाडकी (म्हणजे मी तरी तसं धरून चालते) भाची

ता. क. पत्र खरं यासाठी: सोमवारी सरांनी केक मागवताच मी बाबांना फोन केला होता. नऊशेचा. दुसरा फोन करायचा धीर झाला नाही. त्यांनी पुढच्या रविवारी इमारतीच्या सभागृहात माझा सत्कार ठरवलाय, फलकावर ‘नऊशे’ हातभर अक्षरांत. तू त्यांची थोरली बहीण. तुझ्यापुढे त्यांचा आवाज अजून चढत नाही. एवढा कार्यक्रम रद्द करायला लाव.

ता. क. २. फारच हट्टाला पेटले तर रद्द नको, नुसता आकडा बदलायला सांग. मी ड्रेस शिवायला टाकलाय.