उन्हापावसाचा हात

ढोकी, ४ नोव्हेंबर १९४१

पोचलो एकदाचा! मुरुमहून येडशीपर्यंत मोटारीनं अंग खिळखिळं केलं आणि पुढं छोट्या आगगाडीनं झोप आणली. ती इतकी सावकाश चालते की शेजारच्या वाटेवरचा एक बैलगाडीवाला दोन शेतं माझ्याशी गप्पा मारत आला. ढोकीचं स्टेशन मात्र छान. नुकताच चुना दिलेला, पाण्याच्या टाकीखालची भिंत तर डोळ्यांवर येईल अशी पांढरी.

मालक चाँदपाशा साहेब रेल्वेत नकाशे काढायचे, आता पेन्शनीत आहेत. नळदुर्गच्या जत्रेत मी रंगवलेला नाटकाचा पडदा त्यांनी पाहिला आणि बोलावणं धाडलं. काम ऐकून मला हसूच आलं. दिवाणखान्यात भल्यामोठ्या मेजावर त्यांनी पत्र्याचे रूळ मांडलेत, त्यावर चावीची आगगाडी फिरते. भोवती सगळं ढोकी गाव उभं करायचं, हातभर उंचीच्या आत! त्यांच्या बीबी फातिमाबी शेवटची काही वर्षं पलंगावरून उठल्या नाहीत. त्यांना गाव बघायचं होतं, म्हणून साहेब गावच घरात आणणार होते. विलायतेहून पुठ्ठ्याच्या घरांची खोकी आली, पण ती उघडायच्या आत, यंदाच्या पावसाळ्यात, त्या गेल्या. कबर मागच्या अंगणातून दिसते. साहेब तिकडं पाठ करून बसतात.

घरातलं सगळं कडूबाई बघते. माझ्यासाठी तिनं वेगळी चूल मांडली आहे. जेवण झकास, पण रुद्रम्माच्या शेंगाचटणीची सर नाही. आमच्या लग्नाला अजून वर्षही झालं नाही आणि मी निघालो, म्हणून ती रुसली होती. वेशीपर्यंत आलीच नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "संक्रांतीच्या आत या. न्हाय आलाव तर दार उघडनार न्हाय." मला माहीत आहे, ती दार लावणारच नाही.

ढोकी, ११ नोव्हेंबर

खोक्यांतली घरं म्हणजे निव्वळ गंमत. जाड पुठ्ठ्यावर विटा, खिडक्या, वेली सगळं छापलेलं. रेघेवर कापायचं, घडी घालायची, सरसानं चिकटवायचं. पण घरं पडली गोऱ्या साहेबाची! उतरती छपरं, धुराडी, दाराशी गुलाब. मी धुराडी उडवली, छपरं सपाट करून वर माती थापली, गुलाबांवर शेण रंगवलं. विलायतेतली दोन टुमदार घरं आता मारवाड्याचं दुकान आणि तालीम झाली आहेत.

साहेब बघायला आले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "पेंटरसाब, घर नया है. नया घर झूठा दिखता. इसको धूप लगने दो, बरसात लगने दो."

मग खरं काम सुरू झालं. चहाचं पाणी, चुलीची काजळी, गेरू, थोडी राख. वळचणीखाली ओघळ, पायाशी ओल, कोपऱ्यात भेग. याला मी उन्हापावसाचा हात म्हणतो. बढाई नाही, पण हा हात माझ्यासारखा आसपास कुणाचा नसेल. स्टेशनवर टाकीखाली एक लांब काळा ओघळ काढला. मध्येच कुंचल्याचा केस चिकटला आणि ओघळाला विळ्यासारखं वळण आलं. राहू दिलं, उलट खरंच वाटत होतं.

ढोकी, १४ नोव्हेंबर

संध्याकाळी पाय मोकळे करायला स्टेशनवर गेलो होतो. टाकीखाली ओघळ आहे. लांब, काळा, मध्ये विळ्यासारखं वळण.

टाकीत पाणी भरणाऱ्या बब्रुवानला विचारलं. तो म्हणाला, "ह्यो? ह्यो म्हाज्या बापाच्या टायमापासनं हाय की." मी म्हटलं, दहा दिवसांमागं भिंत पांढरी होती. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विडी पुढं केली. मीच उतरताना नीट पाहिलं नसेल. प्रवासानं डोकं ताळ्यावर नव्हतंच.

ढोकी, १८ नोव्हेंबर

आज स्वतःसाठी काम केलं. एक खोकं उरलं होतं. साहेबांना विचारून त्याचं आमचं मुरुमचं घर केलं आणि मेजाच्या टोकाला, डोंगराच्या पलीकडं, ठेवून दिलं. निळं दार, पुढं ओटा, कडेला कडुलिंबाचं रोप. लग्नात मी फक्त ते दारच रंगवलं होतं, बाकी घर तसंच, त्याचे टोमणे अजून ऐकतो. कागदाची रुद्रम्मा कातरली, हिरवं लुगडं रंगवलं, कपाळाला कुंकवाचा ठिपका दिला आणि दारात चिकटवली, एक हात चौकटीवर. बोटाएवढी आहे, पण उभं राहणं अगदी तिचंच. किती वेळ बघत बसलो.

पण सगळ्या जुन्या घरांत ते एकटं कोरं घर उपरं दिसायला लागलं. म्हणून त्यालाही ऊनपाऊस दिला. हात एकदा चालायला लागला की माझा मी राहत नाही. भिंती पोपडल्या, दाराचा निळा विटवला, रोपाचं चांगलं डेरेदार झाड केलं. छपरावरचं राखेचं पाणी ओघळून बाईच्या डोक्यावर आलं, तेही टिपलं नाही. घरी गेल्यावर सांगितलं तर माझी खैर नाही!

ढोकी, २१ नोव्हेंबर

साहेबांनी आज हळूच एक गोष्ट मागितली. मेजावर मशिदीमागं फातिमाबींची कबर करायची. केली, ओल्या लाल मातीचा लहानसा उंचवटा. ते बघून त्यांना रडू कोसळलं. एवढा मोठा माणूस मेजाच्या कडेला धरून लहान पोरासारखा रडला. म्हणाले, ही ताजी माती बघवत नाही, हिला जुनी कर. जुनं झालं की दुखायचं थांबतं म्हणतात.

मला नाही म्हणवेना. माती खचवली, कडेचे दगड काळवंडवले, वर वाळकं गवत लावलं.

ढोकी, २२ नोव्हेंबर

अंगणातून दिसणारी कबर खचली आहे. दगड काळे पडलेत. वर गवत.

साहेब सकाळी पोटभर जेवले. गुणगुणतही होते. कपाटातली एक जांभळी ओढणी हातात घेऊन त्यांनी कडूबाईला विचारलं, ही कोणाची. कडूबाई म्हणाली, "बाईसाबाची न्हवं का. जाऊन लई साल झाले की मालक." त्यांनी मान हलवली आणि ओढणीनं चष्मा पुसला.

अजून तीन महिने झाले नाहीत. कडूबाईला सांगितलं तर ती मलाच म्हणते, पेंटर, ऊन लागलं का तुम्हाला.

मग टाकीखालचा ओघळही —

माझं घर. देवा, मी माझ्या घराला काय केलं!

मुरुम, २४ नोव्हेंबर

लिहिता येत नाही, पण लिहितो.

वळणावरूनच लिंब दिसला. डेरेदार. मी गेलो तेव्हा कमरेएवढा होता. दाराचा रंग विटलेला. आणि दारात, चौकटीला एक हात धरून, ती.

केस पांढरे. पाठ वाकलेली. मी ओटा चढायच्या आतच तिनं ओळखलं. माझ्या तोंडावरून हात फिरवला, तो हात लाकडासारखा कोरडा, आणि म्हणाली, "तुमी तसंच हाव की ओ."

मी तिच्या पायाशी बसून रडलो. ती नाही रडली. सांगत होती की लोकांनी कुंकू पुसायला सांगितलं, तिनं पुसलं नाही. माहेरचे न्यायला आले, गेली नाही. दारातून हललं की तुम्ही नेमके तेव्हाच याल असं वाटायचं, म्हणाली. किती संक्रांती गेल्या ते मोजायचं तिनं केव्हाच सोडलं. शेजारची रांगती पोर आता नातवंडं खेळवते आणि हिला आजी म्हणते.

जेवलाव का, विचारलं. भाकरी थापायला बसली, बोटं वळेनात, मग शरमून पदर तोंडावर घेतला. म्हणाली, माझ्याकडं बघू नका. तुमचं वय आहे, दुसरी करा.

मी शपथ घातली तिला. हे मी केलंय, मीच निस्तरतो. परत ढोकीला जातो आणि येतो. "जावा," एवढंच म्हणाली. पुन्हा चौकटीला धरून उभी राहिली.

ढोकी, २६ नोव्हेंबर

ओल्या फडक्यानं पुसून बघितलं. रंग पुठ्ठ्यात मुरलाय, निघत नाही. उलट पुठ्ठा फुगला, ओट्याचा कोपरा सुटून हातात आला. टाकून दिलं फडकं. तिकडं काय पडलं असेल? ती दारातच उभी असते —

खोकं शिल्लक नाही. लढाईमुळं नवी येत नाहीत. वर कोरा रंग देऊन बघितला, खालचा ओघळ वर येतो. जुनं करता येतं मला. नवं करता येत नाही.

साहेब आले होते. मशिदीमागची कबर कुणाची, मला विचारत होते.

ढोकी, २७ नोव्हेंबर

ठरलं. तिला मागं आणता येत नसेल, तर मीच पुढं जाईन. कागदाचा मी कातरलाय. तिच्या शेजारी ओट्यावर बसवायचा, तोच ऊनपाऊस द्यायचा. म्हणजे दोघं बरोबरीचे होऊ. जी वर्षं गेली ती मग दोघांची मिळून गेलेली असतील. तिनं एकटीनं काढलेली नसतील. भाकरी मी थापीन.

भीती वाटते. साहेबांसारखं विसरलो तर? पण साहेबांची बीबी एकटी मातीत होती, मी तर रुद्रम्माच्या शेजारी असेन. शेजारच्याला कोण विसरतं.

माणूस खिडकीत ठेवून रंगवतोय. माणसं नेहमी आधी रंगवायची, वाळवायची, मग चिकटवायची, नाहीतर ओलीनं सरस सुटतो. केस पांढरे केले. पाठ किंचित वाकवली. वाळला की लगेच तिच्याजवळ —

हा माणूस अजून मेजावर नाही. तिच्या ओट्यावर नाही. खिडकीत आहे, इथं, ढोकीत. आणि ऊनपाऊस तर मी दिला —

ही अक्षरं पुसट का दिस —

ढोकी

तारीख कडूबाईला विचारायला हवी. ही वही उशाशी होती. मागं कुणीतरी बारीक लिहिलंय, माझ्या डोळ्यांना आता ते अक्षर लागत नाही.

कडूबाई म्हणते, काका, तुमी जवानीत आलताव ते हितंच ऱ्हायलाव. बरोबर आहे. कुठं जाणार. माझं कोणी नाही.

मेजावर ऊन आलंय. काम छान आहे, कुणी केलं कोण जाणे. डोंगरापलीकडं एक घर आहे, ओट्याचा कोपरा तुटलेला. दारात म्हातारी उभी. तिच्याकडं बघितलं आणि उगाच रडू यायला लागलं. पुसतो, पुन्हा येतं. म्हातारपण, दुसरं काय.

खिडकीत एक कागदाचा माणूस वाळलाय. पाठीला सरस लावला, पण कुठं चिकटवायचा ते कुणी सांगून ठेवलं नाही. त्या ओट्यावर जागा आहे खरी. पण बाईच्या कपाळाला कुंकू दिसतं. कुणाची तरी वाट बघत असेल. तिच्या शेजारी असा परका माणूस बसवणं बरं दिसणार नाही, म्हणून त्याला मी इकडं स्टेशनच्या बाकावर —