छगन आजोबांची पिशवी

कोपरगाव, ५ जानेवारी २०२५

चि. पूजाला बनुआजीचे पोटभर आशीर्वाद. इकडं समदी बरी हायेत.

तुला दवाखान्यात बढती भेटली, लई आनंद झाला बघ. आजवर मोठे फार्मासिस्ट साहेबच औषधाची एकेक पिशवी तपासायचे. आता तुज्यासारख्या मदतनीस पोरी शिकून तपासनार, पिशवीवर तुजी सही! शेजारच्या विजयमालाला दोनदा सांगितलं. ती म्हनली, कालच ऐकलंय. म्हनलं, परत ऐक. आजोबा म्हनत्यात, पोरीला तांदळातले खडे दिसत न्हवते. मनावर घिऊ नको, गावभर तेच सांगत फिरत्यात. म्हैस व्याली, रेडी झाली. चीक खायला कवा येती?

माया ठेव. तुजी आजी.

सावेडी, १४ जानेवारी

ती. आजीस, शि. सा. नमस्कार.

आजी, गावाला आता सांगू नकोस. गुरुवारी खिडकीवर एक म्हाताऱ्या बाई आल्या. पेशंटचं नाव विचारलं तर पदर तोंडाला लावून हसल्या. नवऱ्याचं नाव कसं घेणार? स्वतःचं सांगावं तर त्यातही त्याचंच. मागं रांग. मीच समोरच्या पिशवीवरचं नाव वाचून म्हटलं, छगन आजोबांचं का? त्यांनी मान हलवली. पिशवी दिली.

तासाभरानं दुसऱ्या छगनचा मुलगा आला. त्याचीच पिशवी गेली होती, शुगरच्या गोळ्यांची. म्हातारीच्या छगनना शुगर नाहीच; या गोळ्या त्यांच्या जिवावर बेततील. त्यांची पिशवी इथंच आहे. त्यांचा फोन बंद. कार्डावर पत्ता नुसता 'राहुरी'. रविवारी राहुरीत दिवसभर विचारत फिरले. साहेब म्हणतात, गोळ्या बरोबर तपासल्यास, माणूस नाही.

लोभ असावा. पूजा.

कोपरगाव, २१ जानेवारी

चि. पूजास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, अक्षर लावत लावत. त्या बाईच्या जागी मी आसते तर मीबी मानच हलवली आसती.

काल आजोबांच्या बीपीच्या गोळ्या आनायला गेलो. खिडकीतल्या पोरानं नाव इचारलं. ह्ये बाकावर बसलेले. बावन्न वर्सांत ह्यांचं नाव घेतलं न्हवतं, पन मी रांगेदेखत बोलले, कानिफनाथ, आडनावासकट. ह्ये कानापत्तुर लाल झाले. घरापत्तुर चार पावलं म्होरंच चालले. मलाबी गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

रातच्याला मात्र राहुरीच्या पावन्यांना फोन केले, कुनाला ठाव न्हाई. तू काय करशील, मी तरी काय करनार? पूजा, ती नाव न घेनारी बाई हयगय करनारी न्हाई. सांगितल्या येळंला, पानी हातात दिऊन, रोज नवऱ्याला तीच गोळी देत आसंल.

कळलं की कळव. न्हाई कळलं तरी लिही.

तुजी आजी.