फुंकू नका, ओढा

तिसगाव, ३ नोव्हेंबर २०२५

चि. आराधना हिस,
आजोबांचे अ. आ. व सलाम. वि. वि.

तू दिलेलं श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र बिघडलेलं आहे. सकाळ-संध्याकाळ जीव खाऊन फुंकतो, पण एक चेंडू जागचा हलेल तर शपथ! अर्धं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्याची फुंक कमी पडते, असं तुला म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हण. दुकानदाराने फसवलंय, परत कर.

फोन करू नकोस. दोन वाक्यांत मला दम लागतो आणि तिसरं तू बोलू देत नाहीस. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही. पुंजारामचा टेम्पो रोज भाजी घेऊन नगरला येतो, त्याच्याबरोबर उत्तर दे.

खोकायचं मात्र जमणार नाही. बायपाससाठी छाती उभी चिरून शिवली आहे. खोकलो आणि शिवण उसवली तर तुझ्यासारख्या फिजिओथेरपी शिकणाऱ्या पोरीला टाके घालता येतात का? तुझी आजी उशी घेऊन मागे लागते, तिला मी दाद देत नाही. अंगात जरा कणकण आहे, पण हे तिला कळवू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा आजोबा,
एलिया

अहिल्यानगर, ४ नोव्हेंबर

प्रिय आजोबांस,
आराधनाचा सप्रेम सलाम. वि. वि.

यंत्र ठणठणीत आहे, बिघाड वापरणाऱ्यात आहे. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं! नळी तोंडात धरून हवा सावकाश आत घ्यायची आणि चेंडू वर धरून ठेवायचे.

दुखतं म्हणून तुम्ही वरच्यावर श्वास घेता. त्याने फुप्फुसाचा तळ मिटून बसतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला आमंत्रण जातं. तुमच्या कणकणीबद्दल मी डॉक्टरांना फोन केला. ताप वाढला तर तडक या म्हणाले, नाहीतर शनिवारी एक्स-रे. डावा तळ उघडला नसेल तर पुन्हा भरती. आणि छातीचं हाड तारेने बांधलंय, ती काही तुमच्या बंडीची शिवण नाही. उशी छातीशी घट्ट धरा आणि खोका.

ओढणं जमत नसेल तर आमच्या मॅडम खेड्यातल्या पेशंटना सांगतात तसं करा. विडीचा लांब झुरका घ्यावा, तसा श्वास घ्या. आता तुम्ही पडलात चर्चच्या मंडळीचे पंच, तिथल्या तरुण संघाला व्यसनांवरून झाडणारे. ऑपरेशनआधी डॉक्टरांनाही विडीला शिवलो नाही म्हणून सांगितलंत. तेव्हा दुसऱ्या कुणाला ओढताना पाहिलं असेल, ते आठवा.

थट्टा पुरे. न खोकणारे पेशंट वॉर्डात परत येतात, ते मी रोज बघते. मला फार भीती वाटते, आजोबा.

लोभ असावा आणि कफ नसावा.
तुमची नात,
आराधना

तिसगाव, ५ नोव्हेंबर

चि. आराधना हिस,
आजीचे अ. आ. वि. वि.

तुझं मुंगीएवढं अक्षर ह्यांना दिसेना, म्हणून मीच मोठ्याने वाचलं. त्यामुळे कणकण लपवली होती ते कळलं. थर्मामीटर लावला, ताप थोडाच आहे.

विडीचा मजकूर आला तसे हे गंभीर झाले. आपल्याला त्यातलं काय कळतंय, असं आढ्याकडे बघून म्हणाले. मग नळी उचलली. तोंडात नुसती धरली नाही गं, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली! डोळे अर्धे मिटले, गाल आत गेले आणि तिन्ही चेंडू टणकन वर. वरच राहिले. श्वास सोडताना तर ह्यांनी राख झटकायला नळीवर बोट आपटलं.

बँडवाल्यांच्या संगतीने कपड्यांना वास येतो, असं मी लग्नापासून ऐकते आहे. चर्चमध्ये चार बायकांनाही हेच सांगत आले.

रागवायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. मग हेही हसले, हसता हसता खोकला आला, मी उशी दाबून धरली. टाका उसवला नाही. कफ मात्र निघाला, तो बघून मला रडू आलं. आता दर तासाला ओढायला लावते. खोटं बोलल्याचा हिशोब ते बरे झाल्यावर होईल.

लोभ आहेच.
तुझी आजी,
लिडिया

तिसगाव, ८ नोव्हेंबर

चि. आराधना हिस,
लबाड नातीला अ. आ. वि. वि.

तू ते मुद्दाम लिहिलंस. लहानपणी माझ्या ट्रंपेटच्या पेटीत तुला विड्यांचं बंडल सापडलं होतं, ते मी विसरलेलो नाही. मला वाटलं, तू विसरलीस.

खरं सांगू? शिवण हे निमित्त होतं. प्रत्येक खोकल्याला वाटायचं, आता हृदय बंद पडणार आणि लिडिया एकटी राहणार. म्हणून श्वास जपून वापरत होतो.

ताप गेला. आज एक्स-रे झाला. डॉक्टरांनी विडीबद्दल पुन्हा विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुझ्या आजीने सगळी हकीकत सांगितली, बोट आपटण्यासकट. नर्ससुद्धा थांबून ऐकत होती. मग डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, भरती व्हायची गरज नाही, फुप्फुस छान उघडलंय.

मी म्हणालो, साहेब, नुसतं फुप्फुस कशाला, आमचं सगळंच उघडं पडलंय.

आजीचा लोभ परत मिळेपर्यंत तुझा तरी असू दे.
तुझा आजोबा,
एलिया